हद्दीच्या दगडापाशी घेतलेली जबानी

आमच्या बाजाराच्या मधोमध हद्द आहे. रस्त्याच्या डाव्या हाताला इंग्रजांचं राज्य, उजव्या हाताला तेव्हा कँटन ज्याच्या ताब्यात होतं त्या बादशहाचं, आणि मध्ये गुडघ्याएवढे दगड. बायका त्यांवर टोपल्या टेकवतात, कुत्री पाय वर करतात. त्याच दगडांपायी इंग्रज साहेब आणि बादशहाचे अंमलदार एकमेकांना लांबलचक पत्रं लिहायचे. आम्ही याप कुळातली माणसं दोन्हीकडे पसरलेलो. माझं घर इंग्रजांकडे, आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्या ठेवलेलं कुळाचं देऊळ बादशहाकडे. घरातून निघून देवळात जायला अर्धी चिलीमही संपत नसे.

मी इंग्रजांच्या चौकीत दुभाषी होतो. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलेला आमच्या कुळातला मी पहिलाच, आणि ते कुणाला विसरू देत नव्हतो. काळा कोट घालून बाजारातून चाललो की मासेवालीसुद्धा "कोन-साङ साहेब" म्हणायची, अर्धी थट्टेनं, अर्धी खरंच. मला दोन्ही गोड लागायचं.

हे बावीस वर्षं मी कुणाला सांगितलं नव्हतं. मिरवण्यासारखं असतं तर दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं. मला ओळखतात ते जाणतात, मी काही मुखदुर्बळ माणूस नव्हे.

माझा चुलतभाऊ सूई-फुक पाथरवट होता. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, अंगानं दांडगा, डोक्यानं सरळ. मागं डोंगरात बंड झालं तेव्हा यानं बंडवाल्यांना दोन टोपल्या तांदूळ नेऊन दिले. बस, एवढंच. पण बंडखोर म्हणून माणूस मागितला तर इंग्रज देत नाहीत, हे बादशहाच्या लोकांना पक्कं ठाऊक. म्हणून त्यांनी कागदावर लिहिलं, याप सूई-फुक यानं जकात नाका लुटला आणि पहारेकरी मारला. इंग्रजांच्या मॅजिस्ट्रेटनं पुरावा मागितला, तो आला नाही, आणि मॅजिस्ट्रेटनं त्याला सोडून दिलं. त्या दिवसापासून सूई-फुक डाव्या हाताला जिवंत होता आणि उजव्या हाताला मेलेला. तिकडं सापडला असता तर मान उडवली असती.

तीन वर्षं त्यानं दगड ओलांडला नाही. बापाच्या कबरीवर उदबत्ती लावायलाही गेला नाही. इकडून हात जोडायचा. मग त्या वर्षाच्या आठव्या महिन्यात त्याला मुलगा झाला.

आता आमच्याकडे मुलगा नुसता जन्माला येऊन भागत नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला, दिव्यांच्या सणाला, त्याच्या नावाचा कागदी कंदील कुळाच्या देवळात आढ्याला चढवायचा. दोरी बापानं ओढायची. मग कुळातले सगळ्यात वडील, आमचे मोठे आजोबा, नाव पुकारतात आणि वंशाच्या वहीत लिहितात. कंदील नाही तर नाव नाही. कुळाच्या जमिनीत वाटा नाही, मेल्यावर पाटी नाही. असा पोर म्हणजे वाटेवरचा.

सूई-फुक माझ्याकडे आला. ओट्यावर बसला आणि हातावरची दगडाची पूड झटकत राहिला.

"दादा, मोठ्या आजोबांना विचार की. माझ्याऐवजी तू दोरी ओढलीस तर?"

"विचारलं. ते म्हणाले, बाप मेलाय का? मेला असेल तर चालेल."

"मग मेलो म्हणून सांग!" तो हसला, पण डोळे पुसले त्यानं. "दादा, एवढं तुझं वजन आहे दोन्हीकडे. काहीतरी कर ना."

"एवढं तुझं वजन आहे." हे ऐकायला मी आतुरच होतो. चौकीतल्या माणसानं लेखी परवानगीशिवाय दगड ओलांडायचा नाही, असा इन्स्पेक्टर गॅलब्रेथ साहेबाचा सक्त हुकूम होता. मी मात्र रविवारी चर्चला जातो सांगून पलीकडे गेलो आणि नायब छू यांच्या दारात उभा राहिलो.

नायब छू म्हणजे जिल्ह्याच्या मामलेदाराचे हाताखालचे अंमलदार. लांब उत्तरेकडचे, आमची हाक्का बोली त्यांना ओ की ठो कळत नसे, पण कँटनची भाषा तोडकीमोडकी बोलायचे. माणूस भलता गोड. मला बसवलं, चहा दिला, माझ्या इंग्रजीची तारीफ केली. मी आडवळणानं विषय काढला: सणाचा दिवस, एक बाप, एक कंदील, अर्ध्या दिवसाचा प्रश्न.

त्यांनी कपावरचं झाकण सरकवलं. "पूर्वजांच्या दारात कोण कुणाला हात लावतो? आपण काय रानटी आहोत?"

बस. एवढंच बोलले ते. शब्द दिला नाही, 'हो' म्हटलं नाही. आणि मी परत विचारलं नाही. आमच्याकडे बड्या अंमलदाराला "म्हणजे नक्की ना?" असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं. शिवाय विचारलं असतं आणि ते "नाही" म्हणाले असते, तर माझं वजन कुठं राहिलं असतं? मी तीनदा वाकून नमस्कार केला आणि छाती फुगवून घरी आलो.

"झालं काम," मी सूई-फुकला सांगितलं. "नायबांचा शब्द घेऊन आलोय."

घेऊन आलोय! जळली माझी जीभ.

सणाच्या दिवशी आई तापानं फणफणलीय असं सांगून मी साहेबाकडून सुट्टी काढली. आई तेव्हा अंगणात कोंबड्यांवर ओरडत होती. दुपारी आम्ही दगड ओलांडला, सूई-फुक पुढं, मी मागं. कुळातली पन्नासेक माणसं त्याला घ्यायला आली होती. देवळात त्यानं दोरी ओढली, लाल कंदील वर गेला, मोठ्या आजोबांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "याप थेन-सिन!" आणि सूई-फुक लहान पोरासारखा रडला. त्याला कुळात वाटतात त्या डुकराच्या मांसाचा वाटा मिळाला, तीन वर्षांत पहिल्यांदा. जो तो त्याच्या पाठीत थापा मारत होता आणि जो तो माझ्याकडे वळून म्हणत होता, "कोन-साङ, तू होतास म्हणून!" मी तांदळाची दारू जरा जास्तच घेतली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही परतलो. कुळातली माणसं त्याला दगडापर्यंत सोडायला आली. सूई-फुकनं दगड ओलांडला. वळून सगळ्यांना हात जोडले. मी त्याच्या मागं दोन पावलांवर, माझा पाय अजून पलीकडेच. लोक हसत-बोलत माघारी वळले. तेवढ्यात सुक्या मासळीच्या दुकानातून बादशहाचे चार शिपाई धावत आले. नीट ऐका: आमच्या बाजूच्या दुकानातून, इंग्रजांच्या बाजूच्या. कुळाची माणसं पलीकडे होती म्हणून ते अलीकडे दडून बसले होते. पूर्वजांच्या दारात खरंच कुणी हात लावला नाही. एकानं त्याची वेणी धरली, दोघांनी हात, आणि दगडावरून फरफटत त्याला पलीकडे ओढून नेलं. त्याचा एक जोडा डाव्या बाजूलाच पडला.

"दादा!" तो ओरडला.

आणि मी? मी शेजारच्या तेलाच्या दुकानात शिरलो. पाचावर धारण बसली होती माझी. चौकीच्या माणसाला पलीकडे कुणी पाहिलं तर काय, हाच विचार पहिला आला. भावाचा दुसरा आला. हे असंच झालं, ते मी उलटं करून सांगणार नाही.

बातमी चौकीत गेली आणि गॅलब्रेथ साहेब पेटला. माणूस रागीट होता, पण सरळ. तहात स्वच्छ लिहिलेलं: एकमेकांच्या हद्दीत शिपाई घालायचे नाहीत, गुन्हेगार हवा असेल तर कागद पाठवा, पुरावा पाठवा. "माझ्या हद्दीतून माणूस उचलतात? मी त्याला परत आणून दाखवतो," असं म्हणून त्यानं टेबलावर मूठ आपटली. गव्हर्नरकडे पत्र गेलं, तिथून वकिलातीत, तिथून कँटनच्या सुभेदाराकडे. पलीकडून उत्तर आलं की अटक बादशहाच्या जमिनीवर झाली, सन्माननीय इन्स्पेक्टरांचा काहीतरी गैरसमज झालेला दिसतो. ही सगळी पत्रं मीच वाचून दाखवत होतो. तीन आठवडे गेले. सूई-फुक पलीकडच्या कोठडीत होता आणि त्याचा जीव एकाच गोष्टीवर टांगला होता: तो पकडला गेला तेव्हा दगडाच्या अलीकडे होता की पलीकडे.

मला ते ठाऊक होतं. पण बोललो असतो तर साहेबानं विचारलंच असतं, तू तिथं काय करत होतास? आई आजारी होती ना? आणि पलीकडच्या नायबाशी एका हव्या असलेल्या माणसाबद्दल बोलायला तुला कुणी पाठवलं होतं? नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही. रोज सकाळी मी ठरवायचो, आज सांगतो. रोज दुपारी म्हणायचो, दुकानदार सांगतीलच की. डोळ्यांदेखत झालंय त्यांच्या.

शेवटी दोन्ही बाजूंनी मिळून चौकशी ठरली. जागा कुठली? कुणी कुणाच्या हद्दीत जायला तयार नाही. मग भर बाजारात, दगडांच्या रांगेवर टेबल मांडलं, दोन पाय इकडे, दोन पाय तिकडे. इकडे गॅलब्रेथ साहेब आणि मी, तिकडे नायब छू आणि त्यांचा इंग्रजी जाणणारा दुभाषी, मास्तर लो. हा कँटनचा तरुण, गोल चष्मा लावलेला. भोवती अख्खा बाजार. सुक्या मासळीवाला म्हणाला, मी झोपलो होतो. तेलवाला म्हणाला, माझी पाठ होती. कापडवाला म्हणाला, मला लांबचं दिसत नाही. अहो, हा कापडवाला रस्त्यापलीकडून कापडातली सुताची गाठ ओळखायचा! पण दोन्ही सरकारांच्या मध्ये दुकान थाटलेला माणूस दुसरं काय बोलणार? सगळ्यांनी हात वर केले, आणि दगडापर्यंत सोडायला आलेली कुळाची माणसं बादशहाच्या राज्यात राहणारी, ती पुढं आलीच नाहीत.

"ठीक आहे," साहेब म्हणाला. "मग कैद्यालाच विचारतो. त्याला आणा."

नायबांनी थोडे आढेवेढे घेतले, मग मान हलवली. सूई-फुकला आणलं. गळ्यात लाकडी फळी. गाल बसलेले, बोटांची नखं काळी. गर्दीत त्याची बायको लिन-मोई पोराला पाठीशी बांधून उभी होती. तिनं पोराचं तोंड बापाच्या बाजूला वळवलं.

साहेबानं विचारलं, "पकडलं तेव्हा तू कुठं होतास? दगडाच्या कोणत्या बाजूला?" मी ते त्याला हाक्कात सांगितलं, अगदी बरोबर सांगितलं.

सूई-फुकनं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला. इतके दिवस त्याला वाटत असणार, एकदा दादासमोर उभा राहिलो की झालं.

"मी दगड ओलांडला होता," तो म्हणाला. आवाज बसला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अलीकडे आलो होतो. दादाला विचारा. दादा माझ्या मागं दोन पावलांवर होता. त्यानं बघितलंय."

गर्दीत कुजबुज उठली. त्या गर्दीत प्रत्येकाला हाक्का येत होती आणि इंग्रजी एकालाही येत नव्हती. साहेबाला इंग्रजी येत होती आणि हाक्का येत नव्हती. दोन्ही येणारा मी एकटा. आयुष्यभर ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, तीच होती ती.

अर्धं तरी सांगता आलं असतं. 'मी अलीकडे होतो असं म्हणतो,' एवढंच. पण साहेब लगेच विचारणार, साक्षीदार कोण? मग तो पुन्हा माझ्याकडे बोट दाखवणार. हे सगळं मी एका श्वासात मोजलं आणि तोंड उघडलं.

"तो म्हणतो," मी इंग्रजीत म्हणालो, "सगळं फार झटकन झालं. त्याला आठवत नाही."

साहेबानं गर्दीकडे पाहिलं. "लोक कसली कुजबुज करतायत?"

"त्यांना त्याची दया येतेय, साहेब."

मास्तर लोनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कँटनच्या माणसाला आमची बोली निम्मी तरी कळते. त्याला कळलं असावं. पण त्याच्या धन्याच्या ते पथ्यावरच पडत होतं. तो पुन्हा कागदाकडे वळला. गॅलब्रेथ साहेबानं लिहून घेतलं, ओठ घट्ट मिटून सही केली. कैद्यालाच आठवत नसेल तर तो तरी कशाच्या जोरावर भांडणार? मग दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केले, चहा आला. उठताना मास्तर लोनं मला तंबाखू दिली. मी घेतली.

सूई-फुकला नेण्याआधी नायबांनी मोठ्या मनानं घरच्यांना चार शब्द बोलू दिले. तो लिन-मोईशी बोलला, पोराच्या डोक्याला कपाळ लावायला गेला, फळी आड आली. मग माझ्याकडे वळला.

"दादा, सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं," मी म्हणालो.

"मग साहेबानं ऐकलं नाही." त्यानं मान हलवली, जणू माझीच समजूत घालत होता. "तू काय करणार? तुझी नोकरी गेली नाही म्हणजे मिळवली. दादा, थेन-सिनला इंग्रजी शिकव हं. त्यांच्या टेबलाशी आपला एक माणूस पाहिजेच."

नऊ दिवसांनी जिल्ह्याच्या गावी त्याची मान उडवली.

पुढं काय झालं ते ऐकलंत तर मला जोड्यानं माराल. बाजारभर झालं की कोन-साङनं साहेबाच्या तोंडावर भावाची साक्ष दिली, आणि गोऱ्यानंच ती कचऱ्यात टाकली. लोकांनी मला इंग्रजी बोलताना बघितलंच होतं. गॅलब्रेथ साहेबाला पोरं आडून शिव्या घालायची; एकदा कुणीतरी त्याच्या घोड्याच्या अंगावर शेण फेकलं. आमच्या लोकांसाठी मूठ आपटणारा तो एकच माणूस होता, आणि तो बदली होऊन गेला तेव्हा निरोप द्यायला एक कुत्रंही नव्हतं. मला मात्र मान मिळाला. मी तो घेतला. एकदा घेतल्यावर परत कुणाकडे करायचा?

थेन-सिनला मी शिकवलं. आठव्या वर्षापासून, रोज संध्याकाळी. त्यात हयगय केली नाही. वाटायचं, एवढं तरी फेडतोय. पोरगा हुशार निघाला. हाक्कातून इंग्रजीत, इंग्रजीतून हाक्कात, कागद आणून माझ्यापुढं ठेवायचा आणि म्हणायचा, "काका, तपासून द्या." बाविसाव्या वर्षी तो शहरातल्या मोठ्या कचेरीत लागला. लिन-मोईनं त्या दिवशी माझ्या पायावर डोकं ठेवलं. "भावजी, तुम्ही बापाच्या जागी उभे राहिलात," म्हणाली.

परवाच्या शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला तो घरी आला. कचेरीत जुनी दप्तरं लावायचं काम त्याच्याकडे आलं होतं. जेवण झाल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि खिशातून एक कागद काढला. वर इंग्रजी ओळ नकलून घेतलेली, खाली त्याचं हाक्का भाषांतर, सुबक अक्षरात.

"काका, तपासून द्या," तो म्हणाला.

मी चष्मा लावला. 'कैदी दुभाष्यामार्फत म्हणतो की सगळं फार झटकन झालं, त्याला आठवत नाही.'

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"एकही चूक नाही?"

"नाही."

"आई म्हणते, बाबांनी तुमचं नाव घेतलं होतं. अख्ख्या बाजारानं ऐकलंय." तो आवाज चढवत नव्हता. "मग ते इथं कुठं आहे, काका?"

मी सगळं सांगितलं. नायबाचा चहा, आईचा ताप, तेलाचं दुकान, सगळं. सांगताना एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटी म्हणालो, "तुझ्या बापाला मी मारलं. तिकडे नेऊन मारलं, आणि वाचवता येत होतं तेव्हा पुन्हा एकदा मारलं." मला वाटलं, आता हा उठेल, ओरडेल, कुळाच्या वडीलधाऱ्यांना बोलावेल. खरं सांगायचं तर तसं व्हावं असंही वाटत होतं.

त्यानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "ती दर महिन्याला तुमच्या आयुष्यासाठी उदबत्ती लावते. बावीस वर्षं लावतेय. हे कळलं तर ती जगायची नाही. तुमच्यासाठी नाही म्हणत मी. तिच्यासाठी म्हणतोय."

"बरं," मी म्हणालो.

तो उठून आत आईकडे गेला. भांडी आवरताना दोघं काहीतरी बोलत होती. आणि मी तिथं बसलेला असताना, सांगायलाही लाज वाटते, पण आता कुणाला काही कळणार नाही म्हणून मला हायसं वाटलं.